गावच्या क्लबचा लेजंड कोणाला म्हणायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या गावच्या क्रीडा मंडळाच्या फुटबॉल संघाला येत्या २६ जानेवारीला २५ वर्षं होतात. त्या दिवशी एका खेळाडूला ‘क्लबचा लेजंड’ म्हणून मानपत्र द्यायचं आणि त्याचा जर्सी नंबर कायमचा बंद करायचा, असं कार्यकारिणीनं ठरवलं आहे. पण कोणाला, यावर दोन गट पडलेत. एक गट दहा नंबरच्या फॉरवर्डचा. तो सात हंगाम खेळला, शंभराच्या वर गोल केले, तीन तालुका चषक आणले, मग पोलिसात लागला आणि नागपूरला गेला. दुसरा गट चार नंबरच्या स्टॉपरचा, म्हणजे मागं राहून गोल अडवणाऱ्याचा. तो अठरा वर्षं खेळला, सगळे मिळून गोल दोन, आजही गावात राहून कापूस-तूर करतो. आणि अगदी शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीत. एका वर्षी संघ मोडायला आला होता, सरावाला सहाच पोट्टे उरले होते, तेव्हा या स्टॉपरनं जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं गोळा करून दोन वर्षं त्यांना शिकवलं. ‘पण हे खेळात धरायचं का?’ असं तुम्ही विचारता.

मी ३१ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं आणि तेवढीच वर्षं वणी-वरोरा-भद्रावती पट्ट्यात संघ घेऊन हिंडलो. वेकोलिच्या, म्हणजे कोळसा खाणींच्या सरकारी कंपनीच्या, कॉलनीतली मैदानं पाहिली, वावराच्या कडेला फक्की मारून आखलेलीही पाहिली. माझं मत आधीच सांगतो. मानपत्र स्टॉपरला द्या, आणि नंबर कोणाचाच बंद करू नका.

गोलांचा मुद्दा लवकर संपवू. इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबात टोनी हिबर्ट नावाचा राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, होता. २००१ पासून २०१६ पर्यंत पहिल्या संघात, तीनशेहून जास्त सामने, आणि स्पर्धेच्या सामन्यात गोल एकही नाही. हिबर्टनं गोल मारला तर आम्ही दंगल करू, असा फलकच त्याचे प्रेक्षक स्टेडियमवर घेऊन यायचे. २०१२ साली त्याच्या सन्मानार्थ झालेल्या मैत्रीच्या सामन्यात त्यानं फ्री किकवर गोल मारला आणि लोक खरोखरच मैदानात धावत सुटले. इतकं प्रेम शंभर गोल मारणाऱ्या कितीतरी जणांच्या वाट्याला येत नाही. आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर कोलकात्याच्या मैदान भागात मोहन बागानच्या गोष्ठ पालांचा पुतळा आहे. तेही बॅकच. बूट घातलेल्या गोऱ्यांच्या संघांसमोर अनवाणी खेळायचे, लोक त्यांना ‘चीनची भिंत’ म्हणायचे. १९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीचे गोल कोण मोजणार?

आता सात वर्षं की अठरा वर्षं. इथं मी फॉरवर्डच्या गटाच्या बाजूनं बोलतो, कारण नुसती वर्षं मोजणं मलाही पटत नाही. मॅराडोना दक्षिण इटलीतल्या नापोली क्लबात सातच वर्षं होता, १९८४ ते १९९१. पण त्या सात वर्षांआधी नापोलीनं इटलीची लीग कधीच जिंकली नव्हती. १९८७ ला पहिली, १९९० ला दुसरी, मधे १९८९ ला युएफा कप. इटलीत सगळा पैसा, कारखाने आणि मोठे क्लब उत्तरेला. दक्षिणेच्या लोकांना उत्तरेच्या स्टेडियममध्ये काय काय ऐकावं लागायचं, ते आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपण विदर्भवाले ‘अनुशेष’, म्हणजे विकासात मागं राहिल्याची थकबाकी, हा शब्द शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. त्या अनुशेषावर एका माणसानं सात वर्षांत असा घाव घातला की तो पुढं डोपिंगमध्ये सापडला, बंदी आली, गेला, तरी शहरानं त्याला टाकलं नाही. २०२० ला तो वारला आणि नापोलीच्या स्टेडियमला त्याचं नाव लागलं.

म्हणून तुमच्या फॉरवर्डबद्दल विचारायचा प्रश्न हा, की जे क्लबकडं कधीच नव्हतं ते त्यानं आणलं का? तुम्हीच लिहिलंय की पहिला तालुका चषक त्याच्या येण्याआधी दोन वर्षं आला होता. म्हणजे चालत्या गाडीला त्यानं मोठा वेग दिला. ते लहान काम नाही. पण गाडी त्यानं सुरू केली नाही आणि थांबली तेव्हाही तो नव्हता.

तो नव्हता हा त्याचा दोष मात्र मुळीच धरू नका. तुमच्या कार्यकारिणीत कोणीतरी म्हणालं की ‘तो गाव सोडून गेला, लेजंड कसला?’ हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. आपल्याकडं पोरगा मैदानावर का येऊ शकतो, याचा विचार करा. तीन-चार एकराचा कोरडवाहू कास्तकार बाप पऱ्हाटीच्या दिवसांत पोराला वावरातून मोकळं सोडतो, ते सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे त्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं म्हणून. पोलीस, राज्य राखीव दल, रेल्वे, यातलं काही लागलं तर घर वर येतं. तुमच्या दहा नंबरनं ते करून दाखवलं. त्याच्या मागून किती बापांनी आपल्या पोरांना बूट घेऊन दिले असतील! त्याचं जाणं हे क्लबचं यश आहे आणि समारंभात ते तसंच सांगितलं गेलं पाहिजे.

लुईस फिगो २००० साली बार्सिलोना सोडून थेट रियाल माद्रिदला गेला. दोन वर्षांनी माद्रिदकडून बार्सिलोनात खेळायला आला तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्या दिशेनं डुकराचं मुंडकं फेकलं. ते ज्याच्याशी कायमचं वैर त्याच्या अंगणात जाणं होतं. पोटासाठी नागपूरची गाडी धरणं वेगळं. आणि गेलेला माणूस परत आला तर लोक त्याला पूर्वीपेक्षा जास्त जवळ करतात, हेही आहे. मोहन बागानचा ब्राझिलियन बारेतो २००४ ला गेला, मधे आपल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडूनही खेळला, २००६ ला परत आला आणि २०१२ पर्यंत राहिला. कोलकात्यात त्याचं नाव आजही आपल्या माणसाचं घ्यावं तसं घेतात.

महिंद्रा युनायटेडचं नाव निघालं म्हणून सांगतो. राष्ट्रीय लीग जिंकलेला तो क्लब २०१० साली बंद झाला. त्यांच्याकडं फार चांगले खेळाडू होते. पण त्या खेळाडूंच्या गोष्टी आता कोण कोणाला सांगणार, कुठल्या मैदानाच्या कडेला बसून? क्लब राहिला तर लेजंड राहतो. तुमच्या प्रश्नाची गाठ मला इथंच सुटताना दिसते.

तुमचा संघ ज्या वर्षी मोडायला आला, त्या वर्षाबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत. माझ्या मते सगळं पत्र त्या एका ओळीचं असायला हवं होतं. सहा पोट्टे सरावाला येतात म्हणजे काय, ते मी भोगलंय. पाच वाजता उठून जायचं, गोलपोस्टचे बांबू रोवायचे, आणि सहा जण. तीन-तीनचा खेळ होत नाही, कारण एक जण गुडघ्याला पट्टी बांधून आलेला असतो. पासिंग करून घ्यायचं, धावायला लावायचं आणि सव्वासहाला घरी. आठ दिवस असं चाललं की सहाचे चार होतात. मग एक दिवस फक्की मारायलाच कोणी येत नाही. कोणी ठराव करून संघ बंद करत नाही. पावसाळ्यात मैदानावर गवत वाढतं, कोणीतरी गुरं बांधतं, पुढच्या वर्षी तिथं सोयाबीन वाळत टाकलेलं दिसतं. आमच्याच तालुक्यातले चार संघ मी असे संपताना पाहिले, आणि चारही गावांत शंभर गोल मारणारा कोणी ना कोणी होताच.

तुमच्या गावात तसं झालं नाही, कारण एक स्टॉपर शाळेत गेला. त्या वेळी त्याचं वय तीस-बत्तीस असणार, घरी लेकरं असणार, वावरात फवारणी-डवरणी असणार. तरी तो दोन वर्षं दहा-बारा वर्षांच्या पोरांना इनसाइड पास शिकवत राहिला. आज तुमच्या संघात खेळणाऱ्या किती जणांनी पहिला पास त्याच्याकडून घेतला, ते मोजा. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त निघतील.

मोठ्या क्लबांतही लोकांच्या मनात घर करतं ते हेच. २००६ साली इटलीतल्या रेफरींच्या घोटाळ्यात युव्हेंटसला दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये ढकललं. कान्नावारो गेला, इब्राहिमोविच गेला, व्हिएरा गेला. बुफॉन, देल पिएरो, नेदवेद राहिले. बुफॉन आणि देल पिएरो जुलैत विश्वचषक जिंकून आले होते, आणि सप्टेंबरात त्यांच्या क्लबचा त्या लीगमधला पहिला सामना रिमिनी नावाच्या छोट्या शहरातल्या संघाशी होता. तोही १-१ बरोबरीत सुटला. त्या तिघांनी युव्हेंटसला लीगची अनेक विजेतेपदं मिळवून दिलीत. पण म्हातारा युव्हेंटसवाला त्यांच्याबद्दल बोलायला लागला की आधी त्या खालच्या लीगच्या वर्षावर येतो.

तुमची सहा पोट्ट्यांची दोन वर्षं म्हणजे तुमच्या क्लबची रिमिनी आहे.

आता एक माझ्या हातून झालेली चूक सांगतो. ती आजही मला टोचते आणि तुमच्या मंडळानं ती करू नये असं मनापासून वाटतं. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही असाच सत्कार केला. सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला शाल, श्रीफळ, मोठं सन्मानचिन्ह. निवड समितीत मीच होतो. आमचा एक गोलकीपर होता, चौदा हंगाम खेळलेला. सामानाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडं. सामन्याच्या आदल्या रात्री बॉलमध्ये हवा तो भरायचा, फाटलेली जाळी सुतळीनं तो शिवायचा, बाहेरगावी जायचं असलं की छोटा हत्ती ठरवून पोरांच्या शिदोऱ्या मोजून तो घ्यायचा. समारंभात त्यानं खुर्च्या मांडल्या, सतरंज्या गुंडाळल्या. त्याचं नाव माइकवर कोणी घेतलं नाही. मीही नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी घरी आला. चहा घेतला नाही. “सर, किल्ली ठेवा तुमच्यापाशी. आता मले नाही जमत,” एवढंच बोलला आणि गेला.

पुढच्या हंगामात खोली उघडायला माणूस नाही, पोरं साडेपाचला येऊन दारात उभी. बॉल नरम. जाळीला हे एवढं भोक, आणि एका सामन्यात बॉल आत गेला की बाहेरून गेला यावरून भांडण. तीन महिन्यांनी मी त्याच्या वावरात गेलो. कापूस वेचत होता. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “सर, मले शाल नोती पाह्यजे. तुमच्या ध्यानात हाये का नाही, एवढंच पाहत होतो मी.” तो परत आला, पण पहिल्यासारखा नाही. नंतर आम्ही त्याचाही सत्कार केला. उशिरा केलेल्या सत्काराला काय चव असते ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

याच कीपरमुळं मला लेजंड ओळखायची एक रीतही सापडली. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावात सामना पाहायला गेलो. कडेला दहा-अकरा वर्षांची पोरं बसली होती. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता, “त्या गावचा कीपर होता ना, त्याचं बोट मोडेल होतं, तरी टायब्रेकरात तीन अडवल्या त्यानं.” मी तो सामना पाहिलेला. बोट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं, आणि अडवल्या दोन. पण त्या पोरानं त्याला खेळताना पाहिलेलं नव्हतं, तो जन्मला तेव्हा आमचा कीपर खेळ सोडून बसला होता. ज्याला पाहिलं नाही त्याची गोष्ट पोरं सांगतात, आणि सांगताना ती थोडी वाढवतात, तिथं माणूस लेजंड झालेला असतो.

कधी कधी वाढवायचीही गरज नसते. बर्ट ट्राउटमन हा जर्मन सैनिक, इंग्रजांचा युद्धकैदी. १९४९ साली मँचेस्टर सिटीनं त्याला कीपर म्हणून घेतलं तेव्हा हजारो लोकांनी विरोधात मोर्चा काढला. युद्ध संपून चारच वर्षं झाली होती. १९५६ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात समोरच्या खेळाडूशी टक्कर होऊन त्याची मान मोडली, आणि तो शेवटपर्यंत गोलमध्ये उभा राहिला. सिटी ३-१ जिंकली. मान मोडलीये हे काही दिवसांनी एक्स-रे काढल्यावर कळलं. तो सिटीकडून ५४५ सामने खेळला. आपल्या खाणीच्या कॉलन्यांत तेलुगू, बंगाली, बिहारी घरांतली किती पोरं आपल्या संघातून खेळली, आणि सुरुवातीला त्यांना काय काय ऐकावं लागलं, ते मला आठवतं. आपल्यातला नसलेला माणूस आपला होतो तो असा, मैदानात.

तेव्हा तुम्ही एक करा. मतदान घेऊ नका. शाळेतल्या सहावी-सातवीच्या पोरांना विचारा, आपल्या क्लबातल्या जुन्या खेळाडूंबद्दल काय काय ऐकलंय? नाव सुचवू नका, नुसतं ऐका. ज्याची गोष्ट सांगताना पोरं एकमेकांना थांबवून ‘अबे तसं नाही’ म्हणतील, तो तुमचा माणूस. मला खात्री आहे की दोघांचीही नावं निघतील, पण स्टॉपरच्या गोष्टीत ‘आमचे बाबा म्हणतात’ जास्त वेळा येईल.

सगळ्यांचं एकमत होईल अशी वाट मात्र पाहू नका. पाओलो माल्दिनी मिलानकडून १९८५ ते २००९ खेळला, ९०२ सामने, पाच वेळा युरोपचा चषक. त्याच्याआधी त्याचा बाप त्याच क्लबचा कप्तान होता. इतकं असून त्याच्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात मिलानच्याच काही प्रेक्षकांनी त्याच्यावर शिट्ट्या मारल्या. माल्दिनीला जे मिळालं नाही ते तुमच्या स्टॉपरला कुठून मिळणार? कार्यकारिणीतले दोन-चार जण नाराज राहतील. राहू द्या.

आता नंबर. मिलाननं माल्दिनीचा ३ नंबर बाजूला ठेवला, त्याच्या मुलांपैकी कोणी पहिल्या संघात आला तरच वापरायचा म्हणून. नापोलीनं १० बंद केला. त्यांना ते शोभतं. आपल्याकडं लोकवर्गणीतून सोळा-अठरा जर्सींचा एक संच येतो आणि तो चार वर्षं पुरवायचा असतो. त्यातली एक पेटीत ठेवायची आणि एखाद्या पोरानं साध्या बनियनवर खेळायचं, हे त्या स्टॉपरलाच आवडणार नाही. मँचेस्टर युनायटेडची रीत मला आपल्यासाठी बरी वाटते. तिथं ७ नंबर जॉर्ज बेस्टकडून रॉब्सनकडं, मग कँटोना, बेकहॅम, रोनाल्डो असा फिरत गेला, आणि फिरला म्हणूनच त्याचं वजन वाढलं. तुम्ही दर २६ जानेवारीला चौदा वर्षांखालच्या संघातल्या एका मुलाला ४ नंबर द्या. सरावाला ज्याचे सर्वांत जास्त दिवस भरलेत त्याला, आणि स्टॉपरच्या हातानं. हजेरीवही त्यासाठी नीट ठेवावी लागेल, तो आणखी एक फायदा.

मानपत्रात ‘थोर क्रीडापटू’, ‘अतुलनीय योगदान’ असलं काही लिहू नका. ते कोणालाही लागू पडतं. कुठल्या वर्षी संघ मोडत होता, सरावाला उरलेले ते सहा कोण, शाळेतून आणलेली मुलं कोण, आज ती काय करतात, हे नावानिशी लिहा. जुन्या खेळाडूंना एका संध्याकाळी बसवा, तर्री-पोहे करा आणि एकानं वही घेऊन लिहून काढा. पंचवीस वर्षांचं आत्ता आठवतंय, चाळीस झाल्यावर आठवणार नाही. फॉरवर्डला नागपूरहून सन्मानानं बोलवा. मानपत्र त्याच्या हातून दिलं तर दोन्ही गटांचं समाधान होईल, आणि माझा अनुभव असा की असे खेळाडू स्वतःच म्हणतात, ‘मी पुढं गोल मारू शकलो कारण मागं हा होता.’ दुपारी त्याच्याकडून पोरांना पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीबद्दल तासभर ऐकवा. त्याचा तो खरा मान होईल.

राहिला स्टॉपर. तो नाही म्हणेल. अशी माणसं पहिल्यांदा नाहीच म्हणतात, ‘काहून बावा, मी काय केलं?’ म्हणून विषय झटकतात. फोनवर विचारू नका आणि पत्रिकेत आधी नावही छापू नका. त्या सहा जणांपैकी जे गावात आहेत त्यांना सोबत घ्या आणि त्याच्याकडं जा. डिसेंबरात तो घरी सापडायचा नाही, कापसाची वेचणी चालू असेल. वावरातच गाठा, सकाळी, ऊन चढायच्या आधी. बोलता बोलता दोन ओळी वेचू लागा त्याला.